एकशे आठ तबकं आणि कनकलतेचा पाय

कनकलतेचा उजवा पाय १९९४ सालच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मोडला आणि दीड महिन्यात सांधला. पायाचं म्हणून एवढंच घडलं. पुढची चार वर्षं जे काही घडलं ते पायाच्या सत्कारामुळे घडलं.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका अरुंद गल्लीत तिचं घर होतं. वडील सांबशिवराव रजिस्ट्रार कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि तक्रार करायची असली की इंग्रजी, अशी त्यांची शिस्त. आई भागीरथीबाई तीनही भाषांत गप्प बसत, आणि बोलल्या तर एकाच वाक्यात काम उरकत. कनकलता बावीस वर्षांची, वनस्पतिशास्त्रात पदवी, टायपिंगच्या इंग्रजी आणि तमिळ दोन्ही परीक्षा वरच्या वर्गात पास. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये तिचं नाव नोंदलेलं होतं. देशाची दारं उघडली, असं तेव्हा वर्तमानपत्रांत रोज छापून येई. तंजावुरात त्या दारातून अमेरिकेचा कोला आला, केबलवाल्याच्या गच्चीवर डिश आली. एक्स्चेंजची रांग मात्र कोणत्या दाराशी लावली होती कोण जाणे, ती जागची हलली नाही.

तेव्हा एकोजीराव आले. ते कनकलतेचे दूरचे काका. तंजावुरात मराठी बोलणारा प्रत्येक जण दुसऱ्याचा दूरचा काका असतोच, पण एकोजीरावांचं दूरपण सोयीप्रमाणे कमीजास्त होई. पन्नाशीचे गृहस्थ, सफारी सूट, गळ्यात शिट्टी. जिल्ह्यातल्या सात क्रीडा संघटनांचे ते सरचिटणीस होते. सातही संघटनांची लेटरहेडं सुबक छापलेली होती. दोन संघटनांकडे तर चेंडूही होता.

"कनका, तूं धांवतेस कां?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"बस सुटत असली तर."

"पुरे झालें. बेसबॉल खेळ."

घरात कुणी हा शब्द ऐकलेला नव्हता. एकोजीकाकांनी खुर्ची ओढून घेतली आणि खेळाचा मुख्य गुण सांगितला. तो म्हणजे, तो कुणी खेळत नाही. क्रिकेटला जिल्ह्यात चार हजार पोरं झोंबताहेत. बेसबॉलमध्ये बायकांचा एकही संघ नाही. जी पहिली नऊ माणसं उभी राहतील ती आपोआप जिल्ह्याची. एक सामना खेळायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागेवर जाऊन बसायचं.

"अमेरिकेचा खेळ ना?" सांबशिवराव म्हणाले. "सभ्यच असेल."

भागीरथीबाईंनी विचारलं, "त्यांत पडायचें असतें कीं नाहीं?"

"छे! नुसतें धांवायचें," एकोजीराव म्हणाले.

नऊ जणी जमल्या. दोघी कबड्डीतून आल्या, चौघी कॉलेजातून, एक पोस्टमास्तरांची सून, एक कनकलता, आणि नववी तिरुवैयारूहून वीणा शिकणारी हरिणी. हरिणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की चेंडू हाताला लागता कामा नये, तिला बोटं जपायची आहेत. चेंडू झेलायच्या खेळात ही अट जरा अवघड होती, पण आठ जणींचा संघ होत नसल्यामुळे ती मान्य झाली. मद्रासहून एक बॅट, एक हेल्मेट आणि दोन हातमोजे आले. चेंडू जिकडे जाईल असं वाटे तिकडच्या बाईला मोजे द्यायचे, असं ठरलं. नियमांची झेरॉक्सही आली होती. तिचं तिसरं पान मात्र दुकानातच राहिलं, आणि कुणीकडे धावायचं ते नेमकं त्या पानावर होतं.

पंधरा दिवसांच्या सरावानंतर तिरुच्चीच्या बायकांशी सामना झाला. त्यांचाही संघ पंधरा दिवसांचाच होता, तेव्हा लढत तुल्यबळ होती. कॉलेजमागच्या मैदानावरून शेळ्या हाकलल्या, चुन्याने चौकोन आखला. प्रेक्षक म्हणजे दोन्हीकडचे आईबाप आणि उकडलेले हरभरे विकणारा एक सुंडलवाला. हरिणी कशीबशी तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचून तिथे उभी होती, कशी पोचली हे तिलाही सांगता आलं नसतं. मग कनकलतेची पाळी आली. तिने बॅट फिरवली आणि चेंडू येऊन बॅटला लागला. मैदानातून एवढा मोठा आवाज उठला की तिला धावण्याखेरीज गत्यंतर राहिलं नाही. खेळात धावायचं उजवीकडे. तिला जवळ वाटला तो डावीकडचा कोपरा, म्हणून ती डावीकडे सुटली. तिकडून हरिणी घराच्या दिशेने येत होती, नियमाप्रमाणे आणि आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर. टक्कर अटळ दिसताच हरिणीने बोटं वाचवायला दोन्ही हात आकाशाकडे उंचावले आणि ती सगळ्या वजनानिशी कनकलतेच्या नडगीवर बसली.

हाड मोडल्याचा आवाज सुंडलवाल्यापर्यंत गेला. हरिणीने पडल्या पडल्या बोटं मोजली, दहाच्या दहा शाबूत होती.

सामना तिथेच थांबला. दोन्ही संघटनांच्या सरचिटणिसांनी बाजूला जाऊन पाच मिनिटं खलबत केलं आणि दोन्ही संघ विजयी झाल्याचं जाहीर केलं. सर्टिफिकेटं आधीच टाइप करून आणलेली असल्यामुळे हा निकाल सर्वांनाच बरा पडला.

दुसऱ्या दिवशी स्थानिक तमिळ वर्तमानपत्रात बातमी आली, 'प्रतिस्पर्ध्यांच्या धावा रोखताना वीरांगना जखमी'. कनकलतेने ती प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून वाचली.

"अप्पा, धावा आम्हीच काढत होतो," ती म्हणाली.

"छापलें आहे ना? मग वाद कशास?" सांबशिवराव म्हणाले आणि त्यांनी कात्रण काढून ठेवलं. चौतीस वर्षं रजिस्ट्रार कचेरीत काढलेल्या माणसाला छापील आणि खरं यांत फरक करायची सवय उरलेली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एकोजीकाका पुन्हा आले. त्यांचा भाचा नितीन न्यू जर्सीत होता. त्याच्याशी टेलिफोनवर बोलून ते आले होते आणि कानशिलं तापावीत तसे तापलेले होते. अमेरिकेत म्हणे बेसबॉलच्या खेळाडूला इजा झाली की लोक हळहळून थांबत नाहीत. त्याच्या नावाचा दिवस करतात. हजारो माणसं येतात आणि प्रत्येकाला त्या खेळाडूचं चित्र असलेली एक वस्तू मिळते. कधी पेला, कधी बाहुली, कधी नाणं. वस्तूवर नंबर असतो. नेमक्या तेवढ्याच करायच्या आणि साचा मोडून टाकायचा. लोक त्या काचेच्या कपाटात ठेवतात आणि वर्षागणिक त्यांचं मोल वाढतं.

"त्याला कलेक्टिबल म्हणतात," एकोजीराव म्हणाले.

तंजावुरात कलेक्टिबल म्हणजे कलेक्टरसाहेबांना द्यायची वस्तू, असा अर्थ पुढे लोकांनी लावला, आणि तो अगदीच चुकीचाही ठरला नाही.

"आणि जिचा पाय मोडला तिला काय मिळतं?" कनकलतेने विचारलं.

"सन्मान!"

"प्लास्टरच्या आत खाज सुटलीय काका. तिथवर पोचेल का तो?"

पण एकोजीकाका तबकापर्यंत पोचले होते. तंजावुरात कुणाचाही सत्कार करायचा तर तबक द्यायचं, पितळेची थाळी आणि मधोमध चांदीच्या पत्र्यातून उठवलेला देव. इथे देवाच्या जागी कनकलता येणार होती. एकशे आठ तबकं, प्रत्येकावर नंबर. खर्च इडलीचं पीठ वाटायची यंत्रं विकणाऱ्या चोळनाड ग्राइंडरवाल्यांनी उचलला. त्यांची एकच अट होती, चित्रात ग्राइंडर दिसला पाहिजे.

ठसा करायला रामस्वामी आसारी घरी आले. सत्तरीचे कारागीर. चाळीस वर्षं त्यांनी नटराज, गणपती आणि गजलक्ष्मी याखेरीज दुसरं काही घडवलेलं नव्हतं. एकोजीरावांनी त्यांच्या हातात अमेरिकन मासिकातला एका मिशाळ खेळाडूचा फोटो आणि कनकलतेचा पासपोर्ट साइज फोटो दिला आणि सांगितलं, याचं अंग, हिचं तोंड. आसारींनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

"उभी की बसलेली?"

"पाय मोडलेली म्हणजे बसलेलीच."

"वाहन?"

"ग्राइंडर," एकोजीराव म्हणाले. "मोडका पाय ग्राइंडरवर टेकवा."

आसारींनी मान हलवली. वाहनं त्यांनी याहून विचित्र घडवली होती, निदान उंदीर तरी घडवलाच होता. जाताना ते कनकलतेपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "अम्मा, दुखतं का?" एवढ्या सगळ्या सत्काराच्या धांदलीत हा प्रश्न विचारणारा तो एकटाच माणूस.

समारंभ एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठरला. अडचण एवढीच झाली की तोवर पाय बरा झाला होता. प्लास्टर निघून दोन आठवडे उलटले होते, कनकलता घरात फिरत होती, विहिरीवरून पाणीही आणत होती. एकोजीकाका तिला तसं पाहून दारातच थबकले.

"हें काय! सत्काराला मोकळा पाय घेऊन येणार तूं?"

"बरा झालाय तो."

"बरा झाला तर आम्ही कशाचा सत्कार करायचा?"

शेवटी कंपाउंडरला बोलावून पायाला चुन्याची पट्टी गुंडाळण्यात आली. कनकलता नाही म्हणू शकली असती. पण सर्टिफिकेटवर एकोजीकाकांची सही होती, नोकरीचा अर्ज जायचा होता, आणि अप्पांनी नवं धोतर काढून ठेवलं होतं. तिने पाय पुढे केला. ते तिला पुढे फार दिवस खुपत राहिलं, हाडापेक्षा जास्त.

कल्याणमंडपात नागस्वर वाजलं. तिला दोघांनी उचलून खुर्चीवर बसवलं. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी आले होते. त्यांनी वीस मिनिटं क्रिकेटवर भाषण केलं. त्यांच्यानंतरच्या सगळ्या वक्त्यांनी कनकलतेविषयी भूतकाळात बोलायला सुरुवात केली. ती किती चपळ होती, किती हसतमुख होती. एक वक्ता म्हणाला की ती पुन्हा कधी चालणार नाही, पण तिची कीर्ती चालत राहील. यावर पोस्टमास्तरांच्या सुनेला रडू आलं, आणि ती तर पाणी भरताना रोज कनकलतेला विहिरीवर भेटत होती. कनकलता स्टेजवर बसून स्वतःच्या तेराव्याला आल्यासारखी पाहुण्यांकडे बघत राहिली.

मग तबकं वाटली. एक नंबर प्रमुख पाहुण्यांना, दोन आणि तीन ग्राइंडरवाल्यांना, मग नगरातले प्रतिष्ठित, कचेऱ्यांतले साहेब, शाळांचे मुख्याध्यापक. बेचाळीस नंबर हरिणीला मिळालं, कारण तीही त्या प्रसंगाशी निकट होती. एकशे आठवं मंडपाच्या मॅनेजरला गेलं, त्याने पंखे चालू ठेवले म्हणून. कनकलतेला शाल मिळाली.

"आणि तबक?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"वहिनी, एकशें नववें करायचें नाहीं, हीच तर त्यांतली गंमत," एकोजीराव म्हणाले.

तिने आपलं चित्र हरिणीच्या घरी पाहिलं. आसारींनी हेल्मेटचा मुकुट केला होता. बॅट खांद्यावर टेकलेली, थेट गदाच. मांडीशी चेंडू, पण तंजावुरात देवीच्या चित्रात एवढ्या आकाराची गोल वस्तू म्हणजे लिंबूच. एक पाय खाली सोडलेला आणि दुसरा ग्राइंडरवर, राक्षसाच्या पाठीवर ठेवावा तसा. मिशाळ खेळाडूचे भरदार दंड जसेच्या तसे उतरले होते. भोवती तमिळमध्ये आणि इंग्रजीत कोरलं होतं, 'हिने बेसबॉलसाठी आपला पाय दिला'. खाली संघटनेचा शिक्का आणि एकोजीरावांची सही. आपल्या भाषेचा मान म्हणून मराठीतही एक ओळ होती. ती देवनागरीत असल्यामुळे तमिळ शाळांत शिकलेल्या गावातल्या मराठी माणसांना वाचता येईना. सरस्वती महाल ग्रंथालयातले सुब्रह्मण्य पंडित तेवढे वाचू शकले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. कोरणाऱ्याच्या हातून 'य'चा 'प' झाला होता. कनकलतेने बेसबॉलसाठी आपले पाप वाहिले, असं तिथे लिहिलं होतं.

वर्षभराने मुलाखतीचं बोलावणं आलं. एका सरकारी खात्यात टायपिस्टची जागा, खेळाडूंसाठी राखीव. कनकलता बसने गेली, बसस्टँडपासून पायी कचेरीत गेली, जिने चढून दुसऱ्या मजल्यावर पोचली आणि आत शिरताच तिला साहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर सतरा नंबरचं तबक दिसलं. त्याला गंध लावलेलं होतं.

साहेबांनी अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं, मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

"तुम्ही त्याच का?"

"होय सर."

"मग आलात कशा?"

"चालत."

तिने टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत चालून दाखवलं. साहेबांनी ते लक्षपूर्वक पाहिलं, सभ्य माणूस होता.

"चालताय खऱ्या," ते म्हणाले. "पण मी काय पाहिलं ते फाईलमध्ये लावता येत नाही. या तबकावर स्पष्ट लिहिलंय की पाय दिला. सही आहे, शिक्का आहे. तुमच्या पायावर काय आहे?"

"कातडी आहे सर."

"खेळाडूच्या जागेवर पाय दिलेली व्यक्ती घेतली, तर उद्या वरून विचारणा होईल. संघटनेकडून लिहून आणा की दिला नाही."

ती तशीच एकोजीकाकांकडे गेली. ते आठव्या संघटनेचं लेटरहेड तपासत होते.

"तें कसें लिहूं?" ते म्हणाले. "एकशें आठ घरांत जें गेलें तें खोटें म्हणूं? लोकांचा विश्वास आहे. शिवाय नितीन म्हणाला, अशा वस्तूची किंमत त्या दुखापतीवर असते. तूं टुणटुणीत झालीस असें जाहीर केलें तर तबकाला विचारील कोण?"

"आणि मला?"

"तुला आतां सारें गांव ओळखतें!"

हे मात्र खरं होतं. बाजारात बायका तिला जागा करून देत. रिक्षावाला आपण होऊन उतरून तिचा हात धरी. गल्लीतल्या एका आजीने तिला सरळ चालताना पाहून, हा कुणाचा तरी नवस फळाला आला असणार, असं ठरवलं. साचा मोडून टाकायचा होता, पण चाळीस वर्षं देव घडवलेल्या आसारींना देवीचा ठसा मोडवेना. त्यांनी तो एका दुकानदाराला दिला आणि राजवाड्याच्या बाहेर प्रवासी लोकांसाठी नंबर नसलेली तबकं विकायला आली. त्या देवीला दुकानदार मनाला येईल ते नाव देई.

सहा महिने असेच गेले. मग एके दिवशी जेवताना सांबशिवराव म्हणाले, "अपंगांच्याही राखीव जागा असतात."

त्यांनी भातावर ताक ओतून घेतलं.

"कागद आहे आपल्याकडे. तबक आहे. सरकारच म्हणतें पाय नाहीं, तर नाहीं. मेडिकल बोर्डापुढें थोडें लंगडायचें, त्यांत काय गेलें?"

चौतीस वर्षांत ज्यांनी एका दस्तावरची तारीख इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, ते सांबशिवराव हात धुऊन उठले आणि लंगडायचं कसं ते दाखवण्यासाठी कूडमच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, त्या मधल्या मोठ्या खोलीभर, धोतराचा सोगा धरून लंगडले. वळताना कमरेत हात, चेहऱ्यावर वेदना. कनकलतेला हसू येईना आणि रडूही येईना.

भागीरथीबाईंनी ताटं उचलली. "तुम्हांला चांगलें जमतें आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच जा."

पण गेली कनकलताच. हरिणीकडून बेचाळीस नंबरचं तबक मागून आणलं, ते पिशवीत घालून अप्पा बरोबर. बोर्डाच्या बाहेरच्या बाकावर गर्दी होती. तिच्याशेजारी पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट चढवलेली एक पस्तिशीची बाई बसली होती. वत्सला तिचं नाव, पापनाशमच्या एका खासगी शाळेत कारकून. ती पाचव्यांदा आली होती. पहिल्यांदा फोटो लहान होता, दुसऱ्यांदा मोठा होता, तिसऱ्यांदा डॉक्टर नव्हते, चौथ्यांदा शिक्का नव्हता.

"मला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला," वत्सला म्हणाली. "तुम्हाला?"

"बेसबॉल," कनकलतेच्या तोंडून निघून गेलं.

वत्सलाने सहानुभूतीने मान डोलावली. "हे नाव नाही ऐकलं मी. लहानपणी होतं की मोठेपणी?"

"मोठेपणी."

"मग जास्तच कठीण. लहानपणापासूनचं असलं की सवय होते." आणि तिने आपल्या डब्यातली इडली कनकलतेपुढे धरली.

कनकलतेने इडली घेतली. नाव पुकारल्यावर ती उठली. अप्पांनी मागून डोळ्याने खूण केली. दार ते टेबल, सहासात पावलांचं अंतर होतं. ती सरळ चालत गेली. इतकी सरळ, की ड्रिलच्या मास्तरांनी शाबासकी दिली असती.

तिघे डॉक्टर होते. मधल्याने विचारलं, "अपंग कोण?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "पाय मोडला होता, बरा झाला."

"मग इथे कशाला आलात?"

"तबक दाखव!" दारातून सांबशिवराव ओरडले आणि स्वतःच आत येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं. मधल्या डॉक्टरांनी आधी पायातल्या चपला मागे सारल्या, मग तबक दोन्ही हातांनी उचललं.

"कुठल्या देवळातली ही?"

"ही मीच आहे," कनकलता म्हणाली.

डॉक्टरांनी चित्रातले दंड पाहिले, तिचे दंड पाहिले आणि तबक परत केलं. "तबक म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट नव्हे," ते सांबशिवरावांना म्हणाले. "आणि या बाई माझ्यापेक्षा बऱ्या चालतात."

अशा रीतीने एका सरकारी कचेरीत तिला पाय नव्हता म्हणून नोकरी मिळाली नाही, आणि दुसरीत पाय होता म्हणून. वत्सलाचा पाय त्या दिवशी बोर्डाने पाहिलाच नाही. अर्जाची एक प्रत कमी पडली. तिला सर्टिफिकेट सातव्या खेपेला मिळालं.

परतीच्या बसमध्ये सांबशिवराव लेकीशेजारी न बसता पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले. पुढचे दहा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी भागीरथीबाईंमार्फत मागत. त्यांना राग कशाचा आला होता, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. ती लंगडली नाही याचा, की तिच्यादेखत आपण लंगडलो याचा.

अकराव्या दिवशी पापनाशमहून पोस्टकार्ड आलं. वत्सलाने तमिळमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या. तिच्या शाळेतले ड्रिलमास्तर सिंगापूरला गेले होते, जागा रिकामी होती. अशा इंग्रजी शाळा तेव्हा गावोगाव पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि त्यांना शिक्षक मिळत नव्हते. कनकलता सकाळच्या पॅसेंजरने गेली. शाळेच्या मालकीण महालक्ष्मी अम्मा भाताच्या शेतांच्या कडेला उभ्या राहून नव्या भिंतीवर पाणी मारून घेत होत्या. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"टायपिंग येतं?"

"येतं."

"मुलींना उन्हात उभं करता येईल?"

"येईल."

"आवाज?"

कनकलतेने आवाज काढून दाखवला. भिंतीवरचा गवंडी थांबला.

"सोमवारपासून या," महालक्ष्मी अम्मा म्हणाल्या.

टायपिंग सकाळी, ड्रिल दुपारी. पहिल्या वर्षी तिने मद्रासला पत्र लिहून नियमांचं पुस्तक मागवलं, सगळी पानं मोजून घेतली आणि वर्गात बसावं तसं ते पाठ केलं. आपण नेमकं काय चुकलो हे तिला तेव्हा कळलं, सत्काराला अडीच वर्षं होऊन गेल्यावर. मुलींना ती हाच खेळ का शिकवू लागली, असं वत्सलाने एकदा विचारलं. "मला एवढा एकच खेळ येत नाही," असं तिने उत्तर दिलं. पापनाशमच्या स्टँडवरच्या चहावाल्याच्या गल्ल्यावर नंबर नसलेलं एक तबक होतं. रोज मल्लिगैची, म्हणजे मोगऱ्याची, ताजी माळ आणि खरं लिंबू. ही अम्मन देवी गुडघेदुखीवर फार चांगली, असं चहावाल्याने तिला सांगितलं. ग्राइंडरबद्दल त्याचं म्हणणं पडलं की तो कलियुगातला असुर आहे. कनकलतेने चहा प्यायला आणि तबकातल्या स्वतःकडे निरखून बघितलं. ओळखीचं काही सापडलं नाही. ग्लास ठेवून ती शाळेला गेली.

एकोजीरावांचं उत्तम चाललं होतं. त्यांना क्रीडासेवेबद्दल कुठल्याशा संस्थेने तबक दिलं. त्यात गणपती होता.

अठ्ठ्याण्णव साली शाळेच्या क्रीडादिनाला सांबशिवराव न सांगता पापनाशमला आले. अंगवस्त्र घालून, छत्री घेऊन, ते तिसऱ्या आणि शेवटच्या रांगेत एका स्थानिक शेतकऱ्याशेजारी बसले. रमण म्हणून ते गृहस्थ, त्यांची नात खेळत होती. मैदानावर दोन्ही संघांत नऊनऊ मुली होत्या, सगळ्यांच्या हातांत मोजे होते आणि धावणाऱ्या सगळ्या एकाच दिशेने धावत होत्या. कनकलता कडेला उभी राहून ओरडत होती.

"हे काय चाललंय?" रमण यांनी विचारलं.

सांबशिवरावांनी घसा साफ केला. "बेसबॉल. अमेरिकेचा आहे. आमच्या घरांत पहिल्यापासून आहे." आणि ते खेळ समजावून सांगू लागले. चेंडू लांब गेला की खाली बसायचं. जवळ पडला की धावायचं. चार कोपरे म्हणजे चार दिशा. काठी टाकली म्हणजे दमलो, असं सुचवायचं. "ही खूण फार महत्त्वाची," ते म्हणाले.

"मग माझी नात का धावतेय? चेंडू तर लांब गेला."

"चुकली ती. शिकेल."

त्या चुकीमुळे नातीच्या संघाला दोन धावा मिळाल्या आणि मैदानभर आरडाओरडा झाला. रमण गोंधळून टाळ्या वाजवू लागले. कनकलतेने दोन रांगा पलीकडून अप्पांचा तो सगळा खुलासा ऐकला होता. तिने मागे वळून पाहिलं. अप्पांनी छत्री जराशी वर केली. तिला त्यांना खरे नियम सांगता आले असते, पण तिसरा डाव सुरू व्हायचा होता.

ऊन कलल्यावर ते उठून तिच्याजवळ आले. साडेपाचची पॅसेंजर गाठायची होती.

"हें अजून किती वेळ चालणार?" त्यांनी विचारलं.

"नऊ डाव असतात अप्पा. चार झालेत."

सांबशिवरावांनी मैदानाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात हिशेब केला.

"मग उरलेलें पुढल्या वर्षीं येऊन बघतों," ते म्हणाले आणि स्टेशनाकडे चालू लागले.